फाटकमास्तरचा आवाज

नाशकात द्वारकेच्या सिग्नलला अडकलं की माणसाला दोनच उद्योग उरतात. पुढच्याला शिव्या द्यायच्या, नाहीतर जाहिराती वाचायच्या. माझ्या शिव्या देऊन झाल्या होत्या म्हणून मान वर केली, तर उड्डाणपुलाच्या पलीकडे, आमची चाळ जिथे उभी होती बरोब्बर त्या जागेवर, एक भलामोठा फलक. त्यावर एक गुबगुबीत प्राणी, डोळ्यांवर गॉगल, मनगटावर लुकलुकणारं घड्याळ, पायाखाली उडती फळी. खाली लिहिलेलं, ‘फाटकमास्तर परत येतोय. आता डबल स्पीडमध्ये.’

डबल स्पीड. फाटकमास्तरला. ज्याने उभ्या आयुष्यात एकदाही घाई केली नाही, त्याला. मागचा रिक्षावाला हॉर्न बडवून म्हणाला, “ताई, सिग्नल सुटला, कोणाला पाहून राहिल्या?” त्याला मी काय सांगणार, कपाळ? स्कूटर पुढे घेतली. पण घरी पोचेपर्यंत डोकं तापलेलंच होतं, आणि ते काही उन्हाने नव्हे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर फाटकमास्तरचं कार्टून लागायचं. कुठल्यातरी बर्फाच्या देशातून आलेलं, इथे हिंदीत बोलतं केलेलं. एक रेल्वेचं फाटक, शेजारी एक खोपटं, आणि त्यात राहणारा म्हातारा प्राणी. प्राणी कोणता, यावर चाळीत कधी एकमत झालं नाही. कोणी मुंगूस म्हणे, कोणी अस्वलाचं पोर. माझी आत्या म्हणायची उदमांजर, आणि तिने सटाण्याकडे शेतात खरं उदमांजर पाहिलेलं असल्यामुळे तो विषय तिथे संपायचा. गोष्ट दर वेळी एकच. फाटकाशी कोणीतरी धापा टाकत यायचं. बदकांची रांग, टांग्याचा घोडा, नाहीतर हातात पिशवी घेतलेली एक शेळी. फाटकमास्तर हाताचा पंजा पुढे करून त्यांना थांबवायचा. मग गाडी यायची. अख्खी गाडी, एकेक डबा करत, अगदी शेवटच्या डब्यापर्यंत. आम्ही डबे मोजायचो. गाडी गेली की फाटक उघडायचं, आणि तोवर ज्याला घाई होती त्याला ती कशाची होती हेच आठवायचं नाही. संपलं. त्यात कोणी उडत नव्हतं आणि कोणी कोणाला धडा शिकवत नव्हतं.

हे सगळं माझ्यापुरतं असतं तर चार शिव्या घालून मी गप्प बसले असते. पण घरात आत्या आहे. वडिलांची धाकटी बहीण, आता ऐंशीला टेकली, माझ्याजवळ राहते. दिवाळीपासून तिने बोलणं टाकलं आहे. आधीही ती फार बोलायची नाही. मीठ दे, दार लाव, एवढंच. आता तेही नाही. डॉक्टर म्हणाले, घशाला काही झालेलं नाही, त्यांना बोलतं ठेवा, वापरला नाही तर आवाज जातो. मी मान डोलावली. आत्याचा आवाज कोणी बंद केला हे त्या डॉक्टरला कुठे ठाऊक? मला आहे. तो मी बंद केला, नऊ वर्षांची असताना. आणि ती जायच्या आत तो मला एकदा परत ऐकायचा आहे. बाकी माझं काही मागणं नाही.

आमची चाळ म्हणजे दहा खोल्या, मागे ट्रान्सपोर्टची गोदामं. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथल्याच एका ऑफिसात बुकिंगला होते. त्या चाळीला स्वतःचा वास नव्हता, जो माल उतरेल त्याचा वास. पावसाळ्यात ओल्या गोणपाटाचा आणि कांद्याचा. हिवाळ्यात ड्रायव्हर लोक फुटक्या पेट्यांच्या फळ्या जाळून शेकत बसायचे, त्या धुराचा. द्राक्षांचा हंगाम आला की सगळीकडे कागदाच्या कातरणांचा ढीग, आणि त्यात लोळलं की केसांत आंबूस गोड वास दोन दिवस टिकायचा. आई म्हणायची, पोरगी आहे का पेटी आहे ही. या सगळ्यावर कायम डिझेल. अजूनही मागे डिझेलचा ट्रक उभा राहिला की लोक नाकाला रुमाल लावतात आणि मी मात्र एक श्वास जास्तीचा घेते. हसतील तर हसू देत.

आमचा टीव्ही त्या गोदामातूनच आला. ट्रकमधून पडलेला, पेटीचा एक कोपरा फुटलेला, कोणी सोडवून नेला नाही असा माल. मालकाने अण्णांना सांगितलं, घेऊन जा. चित्र झकास दिसत होतं. आवाज मात्र मेलेला. पण चाळीत टीव्ही एकच, त्यामुळे मुका का होईना, त्याचा थाट नवरदेवाचा. रविवारी सकाळी शिकेकाईने न्हाऊन, ओल्या केसांची पंचवीस-तीस पोरं आमच्या खोलीत. एक जण गच्चीवर अँटेना धरून, एक जण खिडकीत त्याला ओरडून सांगायला, आणि पडद्यावरच्या मुंग्या जाऊन फाटक दिसलं की सगळे एकदम चिडीचूप.

त्याच वर्षी आत्या आमच्याकडे परत आली. का आली, ते मला तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि मोठी झाल्यावर मी विचारलं नाही. एक ट्रंक, एक पितळी तांब्या, आणि ती. आमचं मूळ गाव सटाण्याकडचं. तिकडची अहिराणी अण्णांनी नाशकात उतरतानाच स्टँडवर सोडून दिली होती. घरात शुद्ध बोलायचं, हा नियम. आत्याच्या तोंडून ‘आहे’च्या जागी एखादं ‘शे’ निघालं की अण्णा म्हणायचे, “पोरांसमोर नीट बोल, विमल.” मग तिने सोपा मार्ग काढला. बोलायचंच नाही.

पहिल्या रविवारी ती आतल्या उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर परात, परातीत मेथी. आम्ही सगळे तोंडाचा आ करून मुका टीव्ही बघतोय. शेळी धावत आली. फाटकमास्तरने पंजा पुढे केला, त्याचं तोंड हललं. आणि मागून आवाज आला,

“थांब बापू, गाडी येई ऱ्हायनी.”

जाड, संथ, अगदी त्याचाच. तीस डोकी एकदम मागे वळली. आत्या मेथीच निवडत होती, जसं काही झालंच नाही. मग शेळीचं तोंड हललं आणि आत्याच्याच गळ्यातून दुसरा बारीक आवाज निघाला, “जाऊ दे ना रे भाऊ, मन्ही माय वाट देखी ऱ्हायनी.” आणि पुन्हा तो जाड आवाज, “माय कोठे जात नही. थांब.”

अण्णा कॉटवर पेपर वाचत होते. मला वाटलं, आता बोलणार. त्यांनी पेपर चेहऱ्यापुढे आणखी वर धरला.

तिथून पुढे रविवार आत्याचा. आठवड्यातले सहा दिवस मुकी असलेली बाई अर्धा तास सगळ्यांचं बोलायची. बदकं तिच्या तोंडून बाजारात भाव करणाऱ्या बायांसारखी कलकल करायची. टांग्याचा घोडा तर थेट आमचा गावचा तलाठी, आम्ही तलाठी पाहिला नव्हता तरी कळायचं. पण शेळी तिची लाडकी. दर रविवारी शेळी माहेरी निघायची आणि दर रविवारी गाडी आडवी यायची. कधी तिच्या पिशवीत भाकरी असायची, कधी आईसाठी बांगड्या. एकदा, द्राक्षांचा हंगाम होता आणि दारातून तो गोड वास येत होता, शेळी रडायला लागली. चित्रात ती रडत नव्हती. चित्रात ती नुसती उभी होती. गाडी गेली, फाटक उघडलं, नावांच्या पाट्या सरकून गेल्या, दुसरा कार्यक्रम सुरू झाला, तरी उंबऱ्यावरून शेळीचा बारीक आवाज येतच होता. दारात उभ्या असलेल्या बायांनी पदर तोंडाला लावले. आईने आत जाऊन चहा टाकला. पोरं उठेनात. मग आत्याने नाक ओढलं आणि जाड आवाजात म्हणाली, “बस व्हयनं आते. चला घर.” आणि आम्ही शहाण्यासारखे घरी गेलो. मी तर घरातच होते, तरी मीही उठून ओट्यावर जाऊन बसले.

आता खरा घाण भाग. शाळेत मीनल नावाची एक मुलगी होती. बाप साहेब, घरी टीव्ही, आणि त्या टीव्हीला आवाज. मधल्या सुट्टीत आम्ही फाटकाचा खेळ खेळत होतो. फाटकमास्तर मी. पंजा पुढे केला आणि आत्याच्या आवाजात म्हटलं, “थांब बापू, गाडी येई ऱ्हायनी.” मीनल हसली. नुसती हसली नाही, पोट धरून हसली. म्हणाली, “अगं बावळट, तो असं गावंढळ कुठे बोलतो? तो म्हणतो, जरा ठहरिए, गाडी आ रही है.” मी म्हटलं, खोटं. आमच्या घरी बोलतो तो असाच. मी शपथ घेतली. गळ्याची घेतली. कारण माझ्यापुरतं ते खरंच होतं. आवाज मेलेला आहे हे मला ठाऊक होतं, तरी फाटकमास्तर अहिराणीच बोलतो यावर माझा विश्वास होता. दुसरं काय बोलणार होता तो? पण आठवडाभर वर्ग माझ्यामागे “बापू, बापू” करत फिरला. मीनलचा मला राग यायला हवा होता. मला आला आत्याचा.

मी अण्णांच्या मागे भुंगा लावला. आवाज पाहिजे म्हणजे पाहिजे. रविवार कारंजाच्या चौकातून एक दुरुस्तीवाला आला, पाठीमागची फळी उघडून बसला. खोलीभर डाग द्यायच्या राळेचा धूर. आत्याने त्याला पाणी दिलं आणि बराच वेळ त्या उघड्या पेटीत बघत राहिली. तिला कळलं असणार. मला नव्हतं कळलं असं मी म्हणू शकते, पण म्हणणार नाही.

त्या रविवारी खोलीत वाद्यं वाजली. खरीखुरी, सनई-बिनई नव्हे, काहीतरी परदेशी. पोरं टाळ्या पिटत होती. शेळी आली, पंजा पुढे झाला. “जरा ठहरिए,” टीव्ही म्हणाला. बातम्या सांगितल्यासारखा घोटीव आवाज. आणि त्याच क्षणी, सवयीने, उंबऱ्यावरून, “थांब बापू.” दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले. कोणीतरी खिदळलं. मी मागे वळून म्हटलं,

“आत्या, गप्प बस ना. त्याला बोलू दे.”

बस. एवढंच बोलले मी. आत्याने निवडलेली मेथी एका बाजूला केली, परात उचलली आणि आत गेली. पुढच्या रविवारी उंबरा रिकामा होता. कोणी विचारलं नाही. मीही नाही, मी खरा आवाज ऐकण्यात गुंग होते. आज मला तो खरा आवाज शब्दानेही आठवत नाही. ‘जरा ठहरिए’ एवढं आठवतं, ते मीनलच्या तोंडून ऐकलेलं. चार-सहा महिन्यांत कार्यक्रम संपला. मग चाळ पाडली, मग पूल आला. मी शिकले आणि शाळेत मराठीची शिक्षिका झाले. गेली सत्तावीस वर्षं पोरांना गप्प बसवण्याचा पगार घेते. कोणाच्या तोंडून ‘लय’ किंवा ‘शे’ निघालं की तांबड्या पेनाने गोल करते. मीनलला नावं ठेवायला मला तोंड आहे का?

तर असा हा परत आलेला फाटकमास्तर. या रविवारी पहिला भाग होता. भाचा निखिल, माझ्या भावाचा मुलगा, त्याच्या सहा वर्षांच्या इराला घेऊन सकाळीच आमच्याकडे आला. मला म्हणाला, “आत्या, तुमचा तो जुना प्राणी येतोय, इराला तुझ्याबरोबर बघू दे.” माझा टीव्ही भिंतीएवढा आहे, आवाज चार कोपऱ्यांतून येतो. आत्याला मी मुद्दाम वेताच्या खुर्चीत, स्वयंपाकघराच्या दाराशी बसवलं. फ्लॅटला उंबरे नसतात, नाहीतर तिथेच बसवली असती. मनात एक वेडी आशा होती. ती तुम्हाला सांगायला मला लाज वाटत नाही.

सुरू झालं. आणि काय सांगू. म्हाताऱ्याचं खोपटं पाडून तिथे काचेचा महाल. त्यात म्हणे त्याचा नातू. फाटक आपोआप उघडतं, आपोआप लागतं. मग हा बाबा करतो काय? उडतो. आयत्या बिळावर नागोबा, आणि नागोबाला गॉगल. गाडी आली ती डोळ्याचं पातं लवायच्या आत गेली, एक डबा मोजता आला असता तर शपथ. शेळीला पिशवी नाही, फोन आहे. माहेरी निघालेली नाही, शर्यतीत धावतेय. आणि तोंड. अरे देवा, त्या नातवाचं तोंड. मराठीत बोलता केला आहे म्हणून मी कान टवकारले, तर म्हणतो, “हाय दोस्तांनो, आर यू रेडी? चला, मिशन सुरू!” ही मराठी. एक क्षण गप्प राहील तर पोट दुखेल मेल्याचं. दर दोन मिनिटांनी नाच, आणि शेवटी सगळ्यांनी हातात हात घालून एक धडा.

मी आत-बाहेर करत होते, हातात पोह्यांच्या ताटल्या, आणि तोंडाचा पट्टा चालू. हे असं नव्हतं. त्याला असं दाखवतात का. याला कोणी सांगितलं उडायला. आजोबाचं नाव घ्यायची लायकी आहे का याची. आत्याकडे तिरक्या नजरेने बघत होते, काही बोलते का. ती पडद्याकडे बघत होती, चेहरा कोरा.

इराने मान वळवली. तिच्या कपाळावर आठी होती.

“आजी, गप्प बस ना. त्याला बोलू दे.”

निखिल म्हणाला, “इरा, आजीशी असं बोलतात का?” मला त्याचं काही ऐकू गेलं नाही. मी आत्याकडे बघितलं. आत्या पडदा सोडून माझ्याकडे बघत होती. थेट. एवढी वर्षं मी स्वतःला समजावत आले होते की तिच्या ध्यानात नसेल, पोर बोलली, त्यात काय. तिच्या ध्यानात होतं. शब्द न् शब्द. त्या क्षणी धरणी दुभंगून मला पोटात घेती तर बरं झालं असतं. मी नुसती उभी राहिले, हातात पोह्यांची ताटली घेऊन.

मग आत्याच्या तोंडाची एक बाजू हलली. आधी मला वाटलं, घास अडकला. तिने खुर्चीच्या हातावरून हात उचलला आणि पंजा माझ्यासमोर धरला.

“थांब बापू,” ती म्हणाली. आवाज गंजलेला, मधेच तुटलेला, पण जाड आणि संथ. “गाडी येई ऱ्हायनी.”

आणि हसली. माझ्यावर हसली, चक्क.

इरा सोफ्यावर गुडघ्यांवर उभी राहिली. “पणजी बोलली? काय बोलली?” तिने रिमोट शोधला आणि कोणी न सांगता टीव्हीचा आवाज बंद केला. खोली एकदम शांत. पडद्यावर तो गॉगलवाला नुसताच तोंड उघडत होता, मिटत होता. आत्याने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, भाजीवाल्याकडच्या किडक्या वांग्याकडे बघावं तसं.

“हाऊ कोन शे?” ती म्हणाली. “म्हतारा कोठे गया?”

इराने माझ्याकडे बघितलं. अर्थ सांगायला शिक्षिका शेजारीच उभी होती, आणि शुद्ध वाक्य जिभेवर तयार होतं. मी ते गिळलं.

मग इरा सोफ्यावरून उतरली, खुर्चीशी गेली आणि आत्यालाच विचारलं, “कोण म्हातारा?”

आत्याने घसा साफ केला. मी ताटली खाली ठेवली, फरशीवर मांडी घालून बसले, आणि एकदाची गप्प बसले.